हंपीचा ग्रॅनाइट: खनिजं मोजून खडकाचं नाव कसं ठरवायचं?

सोलापुरी_मास्तर

डिसेंबरमध्ये बी.एस्सी.च्या मुलांची अभ्याससहल सोलापूर–विजयपुरा–इलकल–होसपेट मार्गे हंपीला न्यायची आहे. मुलांना बेसॉल्ट आणि त्यातली झिओलाइटं चांगली ठाऊक आहेत. ग्रॅनाइट मात्र त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणि कपाटातल्या तळहाताएवढ्या नमुन्यातच पाहिलाय. तीन गोष्टींवर जाणकारांचं मत हवं आहे.

पहिली, हंपीच्या खडकाला कुठे ‘क्लोजपेट ग्रॅनाइट’, कुठे ‘ग्रॅनोडायोराइट’, तर कुठे नुसतं ‘गुलाबी ग्रॅनाइट’ म्हटलेलं सापडतं. दहापट भिंग आणि रेघा मारलेली पारदर्शक फिल्म एवढ्यावर मुलांना स्वतः नाव ठरवता येईल का? किती बिंदू मोजायचे?

दुसरी, सुमारे २५० कोटी वर्षं हे वय नेमकं कसं काढतात, हे पायऱ्यापायऱ्यांनी सांगायचं आहे.

तिसरी, त्या धोंड्यांच्या राशी. भूकंपाने पडल्या, नदीने आणल्या, काहीही ऐकायला मिळतं.

---

दहापट_भिंग

आधी हातोड्याचं बघू. हंपी १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि संरक्षित क्षेत्रात ढलपीसुद्धा काढता येत नाही. ताजा पृष्ठभाग मिळवायचा तर क्षेत्राबाहेरचे रस्त्याचे काप शोधा, नाहीतर मालकाला विचारून एखाद्या क्रशरवरचा टाकाऊ माल पाहा. क्रशरवर डोक्यापेक्षा मोठे तुकडे मिळतात, त्यातला एक घरी आणून करवतीवर कापून घ्या.

उघड्यावरच्या धोंड्यावर मोजणी करू नका. बाहेरची साल लोहाच्या गंजाने पिवळसर-तांबूस झालेली असते, त्यामुळे करडा खडकही गुलाबी वाटतो. बायोटाइटच्या (काळ्या अभ्रकाच्या) पापुद्र्या गळून जागोजागी खड्डे उरतात, म्हणजे काळी खनिजं कमी मोजली जातात. धोंड्यांवरून खाली उतरलेले काळे ओघळ तर खनिजाचे नसतातच. पाणी वाहतं तिथे वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचे आणि दगडफुलांचे ते थर असतात. विद्यार्थी हमखास त्याला ‘हॉर्नब्लेंडची (एका काळ्या खनिजाची) शीर’ म्हणतात.

ओळखायला क्वॉर्ट्झपासून सुरुवात करा. रंग धुरकट करडा, चमक काचेसारखी, पाटन (ठरावीक सपाटीत फुटणं) नाही, फुटलेला भाग शिंपल्यासारखा वळणदार. चाकूचा ओरखडा उठत नाही, उलट पातं झिजून राखाडी रेघ उमटते. त्याला स्वतःचा असा आकार क्वचितच असतो, बाकीचे स्फटिक तयार झाल्यावर उरलेल्या जागेत तो भरतो.

फेल्डस्पारचे दोन प्रकार, पोटॅशियमचा तो पोटॅश फेल्डस्पार आणि सोडियम-कॅल्शियमचा तो प्लॅजिओक्लेज, वेगळे करणं हीच खरी परीक्षा. दोघांचीही कठिनता ६ आणि दोघांनाही जवळपास काटकोनात दोन पाटनं. तुकडा उन्हात फिरवला की पाटनाची सपाटी आरशासारखी लखकन चमकते. चमकताना स्फटिकाचा अर्धाच भाग उजळला आणि थोडं फिरवल्यावर दुसरा अर्धा उजळला, तर ते साधं जुळं (जोडून वाढलेले दोन स्फटिक), म्हणजे बहुधा पोटॅश फेल्डस्पार. त्यातच भिंगाखाली वेड्यावाकड्या पांढुरक्या शिरा दिसल्या तर शंकाच नको. चमकणाऱ्या सपाटीवर फूटपट्टीने आखल्यासारख्या बारीक समांतर रेघा दिसल्या तर प्लॅजिओक्लेज. रेघा सगळ्याच कणांवर दिसत नाहीत, पाचांतल्या दोनांवर दिसल्या तरी त्या जातीचे बाकीचे कण रूपावरून ओळखता येतात. प्लॅजिओक्लेज जरा धुरकट आणि कधी हिरवट छटेचा असतो, कारण तो आतून बदलायला लवकर सुरुवात करतो.

‘गुलाबी तो पोटॅश, पांढरा तो प्लॅजिओक्लेज’ हा नियम मात्र शिकवू नका. गुलाबी रंग फेल्डस्पारमध्ये अडकलेल्या हेमॅटाइटच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. त्याच पट्ट्यात करड्या ग्रॅनाइटमधला पोटॅश फेल्डस्पार पांढराशुभ्र सापडतो.

काळ्यात बायोटाइट टाचणीच्या टोकाने पापुद्र्यासारखा उचलला जातो. हॉर्नब्लेंड लांबट, टाचणीला दाद न देणारा. त्याची पाटनं ५६ आणि १२४ अंशांत. मधाच्या रंगाचे, पाचरीच्या आकाराचे एक-दोन मिलिमीटरचे कण दिसले तर ते टिटॅनाइट, हे या ग्रॅनाइटमध्ये भिंगाने सहज दिसतात. मॅग्नेटाइटसाठी खडकाची पूड कागदावर पसरून खालून चुंबक फिरवा. भेगांवर पिस्त्यासारखी हिरवी पुटं असतात ती एपिडोटची, नंतर आलेल्या गरम पाण्याची करामत. ती मोजणीत घ्यायची नाहीत.

मोजणीसाठी कापलेला सपाट भाग ओला करा, रंगांतला फरक लगेच उठून दिसतो. फिल्मवर ५ मि.मी.ची जाळी हवी. १० × १२.५ सें.मी.च्या भागावर बरोबर ५०० छेदबिंदू बसतात. प्रत्येक बिंदूखाली कोणतं खनिज आहे ते नोंदवायचं. जाळीचं अंतर सर्वसाधारण कणाच्या आकारापेक्षा कमी ठेवलं तर एकच कण दोनतीनदा मोजला जातो आणि ५०० बिंदूंना अर्थ राहत नाही. बिंदू दोन कणांच्या सीमेवर पडला तर दर वेळी उजवीकडचा कण घ्या, मनाला येईल तो नको. एकाने सांगायचं, दुसऱ्याने खुणा करायच्या.

उदाहरणादाखल आकडे धरू: क्वॉर्ट्झ १२८, पोटॅश फेल्डस्पार १७०, प्लॅजिओक्लेज १५२, बायोटाइट ३५, हॉर्नब्लेंड ९, इतर ६. काळी आणि इतर मिळून ५० बाजूला ठेवा. उरलेल्या ४५० मध्ये क्वॉर्ट्झ २८.४ टक्के. एकूण फेल्डस्पार ३२२, त्यात प्लॅजिओक्लेजचा वाटा ४७.२ टक्के. क्वॉर्ट्झ २० ते ६० टक्के असेल तर हा वाटा १० ते ३५ सायनोग्रॅनाइट, ३५ ते ६५ मोंझोग्रॅनाइट, ६५ ते ९० ग्रॅनोडायोराइट आणि ९० च्या वर टोनॅलाइट. म्हणजे आपला मोंझोग्रॅनाइट. क्वॉर्ट्झ ५ ते २० टक्क्यांत उतरला आणि वाटा ३५ ते ६५ राहिला तर तो क्वॉर्ट्झ मोंझोनाइट. क्लोजपेट पट्ट्यात तोही आहे, तेव्हा निकाल तसा आला म्हणून मोजणी खोडू नका.

५०० बिंदूंवर २५ टक्क्यांच्या आसपासच्या खनिजाची चूक साधारण ±४ टक्के असते. त्यामुळे २८.४ मधल्या त्या दशांशाचा फार अभिमान बाळगू नये.

---

कातळवाट

वरचं ओळखीचं सगळं पटलं. पण मोजणीची ही रीत मध्यम, एकसारख्या कणांच्या खडकाला चालते. क्लोजपेटचा मुख्य प्रकार मोठ्या स्फटिकांचा आहे. त्यात पोटॅश फेल्डस्पारचे दोन ते पाच सें.मी.चे आयताकृती स्फटिक बारीक भूमीत (मधल्या बारीक कणांच्या भागात) रुतलेले असतात. तिथे १० × १२.५ सें.मी.चा तुकडा घेतला तर मोठे स्फटिक एक येतील की सहा, हे नशिबावर. शिवाय क्रशरवर तुकडा निवडताना हात आपोआप ‘सुबक’ बारीक कणांच्या भागाकडे जातो.

इथे दोन टप्प्यांत मोजा. रस्त्याच्या कापावर १ मी. × १ मी. लाकडी चौकट, तिला दर १० सें.मी.वर सुतळी. सुतळ्यांच्या छेदाखाली दीड सें.मी.पेक्षा मोठा स्फटिक आहे की बाकीची भूमी, एवढंच लिहायचं. चौकट चार वेगवेगळ्या जागी लावली की सुमारे ४०० बिंदू होतात. मग कापलेल्या तुकड्यावर फक्त भूमीची मोजणी वरच्या पद्धतीने करायची, मोठ्या स्फटिकावर पडलेले बिंदू सोडून.

समजा चौकटीत मोठे स्फटिक २२ टक्के निघाले. भूमीत क्वॉर्ट्झ ३२, पोटॅश १८, प्लॅजिओक्लेज ३८, काळी खनिजं १२ टक्के. एकत्र करताना भूमीचा प्रत्येक आकडा ०.७८ ने गुणायचा आणि पोटॅशमध्ये २२ मिळवायचे. क्वॉर्ट्झ २५, पोटॅश ३६, प्लॅजिओक्लेज २९.६, काळी ९.४. फेल्डस्पारमध्ये प्लॅजिओक्लेजचा वाटा ४५ टक्के, म्हणजे मोंझोग्रॅनाइट. नुसती भूमी घेतली असती तर ५६ पैकी ३८, म्हणजे ६८ टक्के, आणि नाव पडलं असतं ग्रॅनोडायोराइट. एकाच कापावरून दोन नावं निघतात ती अशी. मास्तरांच्या पहिल्या प्रश्नातल्या गोंधळाचं निदान एक कारण हे.

दुसरं कारण खरोखरचं आहे: हा एकजिनसी खडक नव्हे. बंगळुरूजवळच्या रामनगरचं जुनं नाव क्लोजपेट. त्या दक्षिण भागापासून उत्तरेकडे सुमारे ४०० कि.मी. हा पट्टा जातो, रुंदी बहुतेक ठिकाणी २० ते ३० कि.मी. दक्षिणेकडे कब्बालदुर्गच्या बाजूला आज जो भाग उघडा पडलाय तो कवचातला खोलवरचा, उत्तरेकडचा तुलनेने वरचा. दक्षिणेकडे शिलारस आणि जुना पट्टिताश्म (नाइस, पट्टेदार रूपांतरित खडक) एकमेकांत मिसळलेले दिसतात. उत्तरेकडे वेगवेगळ्या घुसलेल्या राशी दिसतात आणि मुख्य पट्टा व त्या राशी यांच्यात खंडही आहे. हंपी त्या उत्तरेकडच्या टोकाला. खालून आलेला प्रावरणातला शिलारस आणि वितळलेला जुना पट्टिताश्म यांच्या मिश्रणातून हा ग्रॅनाइट झाला असं मानतात. म्हणून गडद मोंझोनाइटपासून फिकट गुलाबी ग्रॅनाइटपर्यंत सगळं त्यात बसतं. गडद, बारीक कणांचे अंडाकृती डाग दिसले तर ते मिसळायचे राहून गेलेल्या शिलारसाचे. चौकट त्यांच्यावर किंवा पेग्मटाइटच्या (फार मोठ्या कणांच्या ग्रॅनाइटच्या) शिरेवर लावू नका, त्यांची नोंद वेगळी ठेवा.

मोठे स्फटिक एका दिशेत लागलेले दिसले तर ३० स्फटिकांच्या लांब अक्षांची दिशा होकायंत्राने घ्या. मॅग्नेटाइट तपासायचं चुंबक तेव्हा खिशात नको. सुई फिरते आणि पुढच्या अर्ध्या तासाच्या नोंदी वाया जातात.

मंदिर परिसरातला प्रत्येक दगड ग्रॅनाइट नाही, हेही मुलांना आधी सांगा. महानवमी डिब्ब्याजवळची (राजवाड्याच्या भागातल्या उंच चौथऱ्याजवळची) पायऱ्यांची पुष्करणी काळसर शिस्टची, म्हणजे पापुद्रेदार रूपांतरित खडकाची, आहे. ग्रॅनाइटमध्ये इतकी बारीक, धारदार कड घडवणं कठीण. आणि बाजारात ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून मिळतो तो बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. घनता काढली की तो पकडला जातो. तुकडा बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात भिजवा, पुसून तोला, मग दोऱ्याने पाण्यात टांगून तोला. हवेत ८१२ ग्रॅम आणि पाण्यात ३०६ ग्रॅमची घट आली तर घनता २.६५, ही ग्रॅनाइटची. २.९ च्या पुढे गेली तर ग्रॅनाइट विसरा.

---

सोलापुरी_मास्तर

चौकटीची रीत वहीत उतरवून घेतली. फेल्डस्पार वेगळे करायला रासायनिक रंग देतात असं वाचलंय. प्रयोगशाळेत करावं का?

---

दहापट_भिंग

सोडियम कोबाल्टिनायट्राइटने पोटॅश फेल्डस्पार पिवळाधमक होतो आणि मोजणी फार सोपी होते, हे खरं. पण त्याआधी पृष्ठभाग हायड्रोफ्लोरिक आम्लाने खरवडून घ्यावा लागतो. ते आम्ल कातडीतून आत शिरतं, सुरुवातीला दुखतही नाही आणि नंतर रक्तातलं कॅल्शियम बांधून जीवावर बेततं. धूरकपाट, योग्य हातमोजे, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल आणि हे काम येणारा माणूस यातलं एक जरी नसेल तर करू नका. बी.एस्सी.ला भिंग पुरतं.

---

झिर्कॉन

वयाबद्दल. ते ग्रॅनाइटमधल्या झिर्कॉन या खनिजाच्या बारीक कणांवरून काढतात. नमुना पाच किलोच्या आसपास लागतो, तोही ताजा. तो दळून साधारण पाव मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात, पाण्यात धुऊन हलकी पूड घालवतात, चुंबकाने मॅग्नेटाइट आणि नंतर विद्युतचुंबकाने बाकीची लोहयुक्त खनिजं काढतात. उरलेलं जड द्रवात टाकतात. क्वॉर्ट्झ-फेल्डस्पार तरंगतात, झिर्कॉनची घनता ४.६ च्या पुढे असल्याने तो तळाशी जातो. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण वेचून राळेत बसवतात, अर्धा घासतात आणि इलेक्ट्रॉन झोताखाली त्याच्या आतल्या कड्यांचा फोटो घेतात. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं संशयास्पद.

स्फटिक तयार होताना झिर्कॉन युरेनियम आत घेतो, शिसं जवळजवळ घेत नाही. पुढे जे शिसं सापडतं ते युरेनियमच्या किरणोत्सारी ऱ्हासातून आलेलं. युरेनियम–२३८ चं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं, त्यातून शिसं–२०६. युरेनियम–२३५ चं ७०.४ कोटी, त्यातून शिसं–२०७. एकाच कणात दोन घड्याळं. दोन्ही एकच वेळ दाखवत असतील तर कण बंदिस्त राहिला असं धरतात.

गफलत दोन ठिकाणी होते. किरणांच्या माऱ्याने जाळी मोडलेल्या कणातून शिसं निसटतं आणि वय कमी येतं. असा कण बहुधा तपकिरी, गढूळ दिसतो. उलट बाजूने, शिलारसाने जुना पट्टिताश्म वितळवताना त्यातला झिर्कॉन न विरघळता राहतो आणि त्याभोवती नवं कडं वाढतं. आयनांचा किंवा लेसरचा बारीक झोत गाभ्यावर पडला तर ३०० कोटींच्या आसपास वय येऊ शकतं, ते ग्रॅनाइटचं नव्हे. क्लोजपेटसाठी दोन्ही घड्याळं जुळलेल्या झिर्कॉनवरून २५१ ते २५३ कोटींच्या आसपासची वयं मिळाली आहेत. तुमच्या सोलापूरचा बेसॉल्ट साडेसहा कोटींचा, हा फरक मुलांना फळ्यावर रेघ आखून दाखवा: ६.५ सें.मी. विरुद्ध अडीच मीटर.

अजून एक. ‘ग्रॅनाइट २५२ कोटींचा म्हणून डोंगर २५२ कोटींचे’ असा समज होऊ देऊ नका. खडक थिजला कित्येक किलोमीटर खोल, डोंगराचा आजचा आकार फार अलीकडचा.

---

कातळवाट

धोंड्यांचं उत्तर तिथूनच सुरू होतं. वरचा खडक झिजून भार कमी झाला की ग्रॅनाइट फुगतो आणि जमिनीला समांतर भेगा पडतात. आधीच्या उभ्या भेगा दोन दिशांच्या. तीन संचांनी खडकाचे ठोकळे पडतात, तेही जमिनीखाली असतानाच. पाणी भेगांतून मुरतं, प्लॅजिओक्लेज आणि बायोटाइट आधी कुजतात. फेल्डस्पारची माती होते, बायोटाइट फुगून शेजारच्या कणांना ढकलतो आणि खडक भुसभुशीत होऊन त्याचा मुरूम होतो. ठोकळ्याच्या कोपऱ्यावर तीन बाजूंनी मारा, कडेवर दोन, सपाटीवर एक. म्हणून कोपरे आधी जातात आणि गाभा गोल उरतो. पुढे पाऊस आणि ओढे मुरूम वाहून नेतात, गोटे जागच्या जागी एकमेकांवर बसतात. भेगा दूरदूर असतील तिथे प्रचंड धोंडे, जवळजवळ असतील तिथे लहान गोटे किंवा नुसता मुरूम.

भूकंप किंवा नदीची कल्पना मोडायला हंपीतल्या मातंग टेकडीवर एक काम द्या. एकावर एक बसलेल्या दोन धोंड्यांमधली फट पाहा आणि तीच फट शेजारच्या राशीत त्याच पातळीला पुढे जाते का ते तपासा. जागच्या जागी कुजलेल्या राशीत ती जुळते. घरंगळत आलेल्या धोंड्यांत जुळायचं कारण नाही. मोठ्या स्फटिकांची दिशाही वरच्या-खालच्या धोंड्यात सारखी येते. उतारावर काही धोंडे खरंच घसरलेले आहेत, त्यांत जुळत नाही. दोन्ही प्रकार पाहायला मिळाले तर उत्तम.

अनेक धोंड्यांवर आयताकृती खाचांची सरळ रांग दिसेल. त्या पाचरी ठोकून दगड फोडण्यासाठी पाडलेल्या माणसाच्या खुणा आहेत. कुणीतरी त्यांना ‘झीज’ म्हणणारच. मात्र त्या रांगेच्या दिशेची भेगांच्या दिशेशी तुलना करण्यासारखी आहे, कारण पाथरवट खडक ज्या बाजूला सहज फुटतो ती बाजू बरोबर हेरतात.

---

बोअरवाला

विषय थोडा बाजूला, पण महाराष्ट्रात बेसॉल्टखाली हाच ग्रॅनाइट लागतो का? देगलूर, बिलोलीकडे तर ग्रॅनाइट वरच आहे.

---

झिर्कॉन

नांदेडच्या पूर्वेकडचा ग्रॅनाइट त्याच धारवाड भूखंडाच्या (दक्षिण भारतातल्या प्राचीन कवचखंडाच्या) पूर्व भागातला, पण तो क्लोजपेटचा तुकडा नव्हे. दोन्हींना एक नाव देऊ नका.

बेसॉल्टखाली काय आहे ते दोन ठिकाणी वेधन करून पाहिलंय. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खणलेल्या ६१७ मी.च्या विवरात ३३८ मी. बेसॉल्ट, त्याखाली सुमारे ८ मी. गाळाचा थर आणि मग प्राचीन पट्टिताश्माचा पाया. कोयनेच्या परिसरात गोठण्याला तीन कि.मी. खोल विवर घेतलं, तिथे सुमारे १,२४७ मी.वर बेसॉल्ट संपून थेट ग्रॅनाइट-पट्टिताश्म लागला, मध्ये गाळ नाही. क्लोजपेटचा पट्टा उत्तरेकडे बेसॉल्टखाली शिरतो असं मानतात, पण किल्लारी-कोयनेच्या पायाला क्लोजपेट म्हणायला एवढा आधार पुरेसा नाही.

पाण्याच्या दृष्टीने तुमच्या कामाचं: ग्रॅनाइटमध्ये पाणी मुरमात आणि त्याखालच्या भेगांत, अखंड कातळात नाही. बायोटाइट आणि अ‍ॅपटाइटमधून फ्लोराइड सुटतं, म्हणून अशा बोअरचं पाणी तपासून घ्या. पिण्यासाठी प्रति लिटर १ मि.ग्रॅ. ही भारतीय मानकाची मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत.

मास्तर, देगलूरकडच्या बोअरचा चुरा मिळाला तर दर तीन मीटरचा वेगळ्या पिशवीत भरून खोली लिहून घ्या. आधी मुरूम, मग गंजलेले कण, मग ताजा फेल्डस्पार हा क्रम मुलांना हंपीला निघण्याआधीच वर्गात दाखवता येईल. चुरा धुऊनच भिंगाखाली ठेवा, नाहीतर भुकटीमुळे सगळेच कण प्लॅजिओक्लेज दिसतात.